भौतिकोपचाराची ठरलेली वेळ का चुकते?

औषधाची गोळी रुग्णाच्या घरी जाऊ शकते. भौतिकोपचारासाठी मात्र रुग्णालाच दवाखान्याची वाट धरावी लागते. तीही एकदा नव्हे, तर दहा-बारा वेळा आणि कित्येकदा महिनोन् महिने. या उपचाराचे सारे यश सातत्यावर अवलंबून आहे. असे असूनही बाह्यरुग्ण विभागातील भौतिकोपचार कक्षांत एक दृश्य सर्वत्र आढळते. एका बाजूस प्रतीक्षेत बसलेली माणसे असतात आणि दुसऱ्या बाजूस ज्यांची वेळ ठरलेली होती, ते आलेलेच नसतात. टेबल रिकामे राहते, तज्ज्ञाचा अर्धा तास वाया जातो आणि न आलेल्या रुग्णाचा सांधा घरी हळूहळू आखडत राहतो. ही गळती का होते व ती कशी रोखता येईल, याचा विचार सोलापूरसारख्या श्रमिकांच्या शहराच्या संदर्भात करणे विशेष अगत्याचे आहे.

पोलिओपासून आजपर्यंत

आपल्या देशातील भौतिकोपचाराचा इतिहास महाराष्ट्रापासूनच सुरू होतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची साथ पसरली आणि लुळ्या पडलेल्या बालकांना पुन्हा उभे करण्याचा प्रश्न निर्माण झाला. त्या गरजेतून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा उभी राहिली. त्याच दशकात हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक औषधोपचार व पुनर्वसन संस्थेचे कार्य सुरू झाले. पुढे लसीकरणामुळे पोलिओ हटला. देशातील शेवटच्या रुग्णाची नोंद जानेवारी २०११ मध्ये झाली आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

पोलिओ गेला म्हणून या शास्त्राची गरज मात्र संपली नाही. अर्धांगवायू, अपघातातील अस्थिभंग, गुडघ्यांची झीज, मणक्याचे विकार, मधुमेही व्यक्तींचा जखडलेला खांदा, भाजल्यानंतर आवळून आलेली कातडी, जन्मतः वाकडी पावले, मेंदूच्या पक्षाघाताने बाधित बालके असे अनेक रुग्ण आज या विभागाकडे येतात. पुनर्वसन उपचारांचा लाभ होऊ शकेल अशा व्यक्तींची जगातील संख्या सुमारे २४० कोटी असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे.

एक खाडा किती महाग?

ताप आलेल्या रुग्णाने एक दिवस उशिरा डॉक्टरांकडे जाणे आणि भौतिकोपचाराची एक ‘सिटिंग’ चुकणे या गोष्टी सारख्या नाहीत. अर्धांगवायूनंतर पहिले तीन महिने शरीर सर्वाधिक वेगाने सावरत असते. त्या काळात हातापायांना जे वळण लागते, ते पुढे टिकते. या तीन महिन्यांतील तीन आठवडे वाया गेले, तर पुढे वर्षभर धडपडूनही ते पूर्णपणे भरून निघतीलच असे नाही. प्लॅस्टर काढल्यानंतर कोपर किंवा बोटे आखडलेली असतात. त्यांना वेळीच चालना मिळाली नाही, तर हाड जुळूनही हात निकामा राहतो. विणकराची बोटे किंवा सुताराचे मनगट अशा रीतीने गेले, तर ती केवळ आरोग्याची हानी राहत नाही. घराचे उत्पन्नच त्यामुळे खुंटते.

वाकड्या पावलांच्या बालकाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्यास प्लॅस्टर बदलून पाऊल टप्प्याटप्प्याने सरळ केले जाते. त्यास साधारणतः पाच ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर विशिष्ट बूट प्रथम दिवसाचा बहुतेक वेळ आणि पुढे चार वर्षांच्या वयापर्यंत रात्री वापरावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागले म्हणून पालकांनी येणे थांबविले आणि बूट काढून ठेवले, तर व्यंग पुन्हा उद्भवते आणि झालेले सर्व श्रम वाया जातात.

आता हाच हिशोब दवाखान्याच्या बाजूने मांडून पाहू. एखाद्या कक्षात दिवसास वीस जणांना वेळ देता येते असे समजा. त्यांपैकी पाच जण आले नाहीत, तर पंचवीस कामाच्या दिवसांत १२५ वेळा जागा रिकामी राहिली. एका रुग्णास बारा सिटिंग लागतात असे धरल्यास महिन्यात दहा रुग्णांचा संपूर्ण उपचार झाला असता, इतकी ही हानी आहे. नवे यंत्र किंवा नवे पद मिळण्यापूर्वी, हाती असलेल्या साधनांतूनच ही वाढ साधता येण्याजोगी आहे.

सोलापूरचे चित्र

सोलापूर हे चादरी, टॉवेल आणि विडी यांचे शहर. येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून कार्यरत आहे. त्याच्याशी संलग्न असलेल्या आणि सर्वसामान्यांच्या तोंडी ‘सिव्हिल’ म्हणून रुळलेल्या रुग्णालयात जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांतून, तसेच शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातून व कर्नाटकाच्या सीमाभागातूनही रुग्ण येतात. करमाळा किंवा माळशिरस येथून यावयाचे तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. वीस-पंचवीस मिनिटांच्या व्यायामासाठी सबंध दिवस मोडतो. कंबरदुखीच्या रुग्णास तर एस.टी.च्या प्रवासातच अधिक त्रास होण्याचा संभव असतो.

शहरातील रुग्णांची अडचण निराळी आहे. विडी वळणारी स्त्री कारखान्याच्या शाखेतून पान व तंबाखू आणते, मांडीवर सूप घेऊन तासन् तास मान खाली घालून विड्या वळते आणि तयार माल पुन्हा शाखेत पोहोचविते. तिला मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशोबाने. मान, पाठ आणि बोटे यांचे दुखणे तिला याच कामातून जडते. त्यावरील उपचारासाठी सकाळची वेळ दिली, तर ती माल देण्याची वेळ असते आणि दुपारची दिली, तर विड्यांची संख्या घटते. यंत्रमागावरील कामगाराचेही तसेच आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसास सकाळी नऊची वेळ देणे म्हणजे त्याने येऊ नये अशीच व्यवस्था करण्यासारखे आहे.

यात वस्त्यांच्या स्थलांतराचीही भर पडली आहे. विडी कामगार स्त्रियांसाठी कुंभारी परिसरात दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली व ती घरे २००६ मध्ये हस्तांतरित झाली. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये रे नगर प्रकल्पातील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झाले. हक्काचे घर मिळाले ही मोठीच गोष्ट होय. परंतु जुन्या पेठेतून पायी दवाखान्यात जाणारी स्त्री आता शहराच्या कडेला राहते आणि तिला प्रत्येक फेरीस रिक्षाचे भाडे मोजावे लागते.

ऋतू आणि सणवार यांचाही परिणाम होतो. रब्बी ज्वारीची पेरणी व काढणी, ऊसतोडणीचा हंगाम, आषाढी-कार्तिकीची वारी, संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, रमजानचा महिना, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव या दिवसांत नेहमीचा दिनक्रम बदलतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर गेल्यावर वृद्ध रुग्णांनी दुपारी बाहेर पडणे टाळावे, हेही स्वाभाविक आहे. या गोष्टी दरवर्षी ठराविक वेळीच येतात. म्हणूनच त्यांचा विचार आधी करून वेळापत्रक आखणे शक्य आहे.

कारणे केवळ बाहेरची नाहीत

अंतर आणि मजुरी यांखेरीज आणखी काही कारणे उपचाराच्या स्वरूपातच दडलेली असतात. पहिले कारण म्हणजे बरे वाटणे. चार-पाच सिटिंगनंतर वेदना कमी होते आणि रुग्णास वाटते की, आता येण्याची आवश्यकता नाही. वास्तविक वेदना थांबली तरी स्नायूंची ताकद परत आलेली नसते. दुसरे कारण याच्या नेमके उलट आहे. पहिल्या दिवशी व्यायाम केल्यावर अंग अधिक दुखते आणि उपचारच बाधला अशी समजूत होते. थोडे दुखणे अपेक्षित आहे, ते किती व किती वेळ राहील, हे आधी सांगितले असते तर तो रुग्ण घाबरून घरी बसला नसता.

तिसरे कारण ‘शेक’ आणि ‘करंट’ यांविषयीच्या समजुतीचे आहे. यंत्र लावले म्हणजे उपचार झाला आणि व्यायाम शिकविला म्हणजे नुसतेच बोलून परत पाठविले, असे अनेकांना वाटते. व्यायाम हाच उपचाराचा कणा आहे, हे पहिल्याच भेटीत मनावर बिंबले पाहिजे. चौथे कारण संकोचाचे होय. एकदा खाडा झाला की, आता गेलो तर बोलणी खावी लागतील, या भीतीने रुग्ण पुढेही येत नाही. एका चुकलेल्या दिवसातून सबंध उपचार सुटतो, तो पुष्कळदा असा.

रद्द करणे आणि न येणे यांतील भेद

येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. येता येणार नाही असे रुग्णाने आदल्या दिवशी कळविले, तर ती वेळ दुसऱ्या गरजूस देता येते. न कळविता अनुपस्थित राहिल्यास ती वेळ कोणाच्याच उपयोगी पडत नाही. तेव्हा कळविणाऱ्या रुग्णास दोष देण्याऐवजी त्याचे कळविणे सोपे करणे हे व्यवस्थेचे काम ठरते. यासाठी केसपेपरवर ठळक अक्षरांत एक दूरध्वनी क्रमांक हवा आणि तो उचलणारी व्यक्ती नेमलेली हवी. त्याच संभाषणात पुढील तारीख ठरवून द्यावी, म्हणजे वेळ रद्द झाली तरी उपचार रद्द होत नाही.

प्रथम मोजमाप

कोणत्याही सुधारणेचा प्रारंभ नोंदीपासून व्हावा. एका साध्या वहीत तीन रकाने पुरेसे आहेत : आले, कळवून आले नाहीत, न कळविता आले नाहीत. त्यापुढे कारण, वार, वेळ आणि राहण्याचे ठिकाण एवढी नोंद केली, तर दोन-तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होऊ लागते. सोमवारी गर्दी असते आणि शनिवारी जागा रिकामी राहते का? दूरच्या तालुक्यांतील रुग्ण कितव्या सिटिंगनंतर गळतात? पहिल्या भेटीसाठी जास्त दिवस थांबावे लागलेले रुग्ण कमी येतात का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जगभरच्या दवाखान्यांत बहुधा होकारार्थी मिळाले आहे. तारीख जितकी लांबची, तितकी ती चुकण्याची शक्यता अधिक असते.

आठवण देण्याची पद्धत

विसरणे हे एक सार्वत्रिक कारण आहे आणि त्यावरील उपायही स्वस्त आहे. वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात असे दिसून आले की, भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने आठवण दिल्यास उपस्थिती वाढते. हा परिणाम दूरध्वनी करून दिलेल्या आठवणीइतकाच असतो आणि खर्च मात्र कमी येतो. लंडनच्या बार्ट्स रुग्णालय समूहात संदेशाच्या शब्दरचनेचाच प्रयोग करण्यात आला. वेळ चुकविल्याने सार्वजनिक आरोग्यसेवेस किती खर्च पडतो, हे संदेशात नमूद केल्यावर अनुपस्थितीचे प्रमाण ११.१ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आले. या प्रयोगाचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संदेश पाठविणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे शब्दही महत्त्वाचे, हा त्यातील बोध होय.

सोलापुरात हा संदेश मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू भाषांतही असावयास हवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी बोलका संदेश किंवा प्रत्यक्ष दूरध्वनी अधिक उपयोगी ठरेल. नोंदविलेला क्रमांक अनेकदा मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. यास्तव भ्रमणध्वनी कोणाजवळ असतो, हे विचारून घ्यावे आणि संदेशात आजाराचा उल्लेख टाळावा. ‘उद्या, मंगळवारी सकाळी १० वाजता आपली उपचाराची वेळ आहे. येणे शक्य नसल्यास आज सायंकाळपर्यंत या क्रमांकावर कळवावे. ती वेळ दुसऱ्या रुग्णास देता येईल,’ एवढा मजकूर पुरेसा आहे. पुढील तारीख रुग्णास किंवा त्याच्या सोबत्यास स्वतःच्या हाताने कार्डावर लिहावयास लावणे, ही अगदी साधी युक्तीही उपयुक्त आहे. स्वतः लिहिलेली तारीख अधिक लक्षात राहते.

वेळापत्रक रुग्णाच्या सोयीचे

आठवण देऊन विसराळूपणावर मात करता येते, मजुरीच्या प्रश्नावर नाही. त्यासाठी वेळ देण्याची पद्धतच बदलावी लागेल. ‘उद्या दहा वाजता या’ असे सांगण्याऐवजी ‘आपणांस कोणती वेळ जमेल?’ असा प्रश्न विचारला, तर निम्मे काम तेथेच होते. आठवड्यातून दोन दिवस सायंकाळी कक्ष उघडा ठेवणे, यंत्रमाग कामगारांस त्यांच्या साप्ताहिक सुटीचा वार देणे, उन्हाळ्यात वृद्धांना सकाळच्या पहिल्या वेळा राखून ठेवणे आणि एकाच गावच्या रुग्णांना एकाच दिवशी बोलावणे, यांसाठी वेगळ्या निधीची फारशी आवश्यकता नाही. रुग्णाची अन्य विभागांतील तपासणीही त्याच दिवशी ठेवल्यास त्याची एक फेरी वाचते.

दूरच्या रुग्णांसाठी सिटिंगची संख्याही विचारपूर्वक ठरवावी. रोज येणे अशक्य असलेल्या माणसास ‘दहा दिवस रोज या’ असे सांगितल्यास तो दोनदा येऊन थांबतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा बोलावून घरी करावयाचे तीन-चार व्यायाम नीट शिकविले, चित्रांचा तक्ता दिला आणि सोबतच्या नातेवाइकाकडून ते करवून घेतले, तर त्याचा उपचार अखंड राहू शकतो. व्यायाम करतानाची चित्रफीत नातेवाइकाच्या भ्रमणध्वनीवर घेऊ दिल्यास घरी चुका कमी होतात. जेथे तज्ज्ञ उपलब्ध आहेत, अशा जवळच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयाकडे पुढील उपचार सोपविणे हेही हिताचे ठरेल. सलग दोन वेळा न आलेल्या रुग्णाची चौकशी आशा स्वयंसेविकेमार्फत झाली, तर तो का थांबला हे कळेल आणि त्याला परत येण्याचा धीरही मिळेल.

रिकाम्या झालेल्या वेळेसाठी एक छोटी प्रतीक्षा यादी असावी. दवाखान्याजवळ राहणारे आणि अल्प सूचनेवर येऊ शकणारे रुग्ण तीत नोंदवावेत. सकाळी कोणी येत नसल्याचे कळताच यादीतील पहिल्या रुग्णास बोलावता येईल.

दंडाने काय होईल?

काही देशांतील खासगी दवाखान्यांत वेळ चुकविणाऱ्याकडून आकार वसूल केला जातो. सार्वजनिक रुग्णालयांत हा मार्ग स्वीकारार्ह नाही. मजुरी बुडेल म्हणून जो आला नाही, त्याच्यावर दंड बसविल्यास तो पुन्हा कधीच येणार नाही. म्हणजे ज्याला गरज सर्वाधिक, तोच प्रथम बाहेर पडेल. नाव कमी करण्याची शिक्षाही तशीच होय. काही जण येणार नाहीत असे गृहीत धरून एकाच वेळेस दोघांना बोलावण्याची युक्तीही जपून वापरावी लागते. दोघेही आले, तर एकास ताटकळावे लागते किंवा दोघांचाही उपचार घाईने उरकला जातो आणि पुढच्या खेपेस दोघेही न येण्याची शक्यता वाढते.

याउलट, खाडा करून परत आलेल्या रुग्णाचे स्वागत कसे होते, याकडे लक्ष द्यावे. ‘का आला नाहीत?’ या प्रश्नाच्या आधी ‘आलात, बरे झाले’ हे शब्द उच्चारले गेले, तर चुकलेला उपचार पुन्हा मार्गी लागतो.

उपलब्ध सवलतींचा लाभ

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. एस.टी.च्या प्रवासात ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवासाची आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत सुरू झाली. प्रमाणपत्रधारक दिव्यांग प्रवाशांनाही भाड्यात सूट आहे. दीर्घकाळ येणाऱ्या रुग्णांना या सवलतींची माहिती पहिल्याच भेटीत देणे, तसेच पात्र रुग्णांस दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळविण्यास साहाय्य करणे हे उपचाराचेच एक अंग मानले जावे.

रुग्ण व कुटुंबीयांनी काय करावे?

व्यवस्थेने इतके केल्यावर रुग्णाची व त्याच्या घरच्यांचीही काही जबाबदारी उरते. उपचार किती दिवस चालेल आणि त्यातून काय साध्य होईल, हे पहिल्या दिवशीच तज्ज्ञास विचारून घ्यावे. वेळ गैरसोयीची असल्यास संकोच न करता तेव्हाच सांगावे. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे. वेदना वाढली किंवा कमी झाली, तरी स्वतःच्या मताने उपचार थांबवू नये. शिकविलेले व्यायाम घरी नियमाने करावेत आणि खाडा झालाच, तर पुढच्या दिवशी निःसंकोचपणे जावे. घरातील कर्त्या स्त्रीच्या दुखण्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. तिची उपचाराची वेळ इतरांनी लक्षात ठेवली आणि तेवढा वेळ घरकाम वाटून घेतले, तर तिच्या उपचारात खंड पडणार नाही.

दरवर्षी ८ सप्टेंबर हा जागतिक भौतिकोपचार दिन म्हणून पाळला जातो. व्याख्याने व शिबिरे यांबरोबरच त्या दिवशी प्रत्येक कक्षाने आपल्या वहीतील तीन रकान्यांची बेरीज फलकावर लावण्याचा प्रघात पाडावा. किती आले, किती जणांनी कळविले आणि किती जण न कळविता राहिले, हे आकडे वर्षागणिक पाहता आले, तर कोणता उपाय लागू पडला ते कळेल. त्यांपैकी तिसऱ्या रकान्यातील प्रत्येक आकड्यामागे एखादा न उचलला गेलेला हात किंवा न टाकलेले पाऊल असते. तो रकाना जसजसा आटत जाईल, तसतशी मागाकडे, शेताकडे आणि शाळेकडे परतणाऱ्यांची संख्या वाढत जाईल.